ओट्यावर वाचल्याशिवाय छापायचं नाही

मला लिहिता येत नाही. सातवीपर्यंत शिकलो, पुढे सगळी उमर डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर म्हणून गेली. लिहायचं काम बायकोचं. ती आता नाही. तिच्या पाचव्या कादंबरीच्या शेवटी चार पानं कुणीतरी लिहायला हवीत असं ठरलं, आणि ठरवणारा मीच, म्हणून लिहितोय. मुलीने माझ्या वेलांट्या सुधारल्यात. बाकी कशाला हात लावू दिलेला नाही.

बायको शीळफाट्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आज त्या खेड्याला तिन्ही बाजूंनी टॉवरांनी घेरलंय, आणि वरून बघणाऱ्याला ते पार्किंगची जागा वाटत असेल. मी नवरा मुलगा म्हणून गेलेलो तेव्हा रस्त्यापासून घरापर्यंत भाताची खाचरं होती आणि बांधावरून चालताना माझे नवे बूट चिखलात गेलेले. ते सुद्धा तिने दुसऱ्या कादंबरीत घातलं. बूट माझे, माणूस दुसरा.

ती डोंबिवलीत शाळेत शिकवायची. संध्याकाळी घरी आली की चहा प्यायची आणि गॅलरीत भिंतीला टेकून, मांडीवर पाट घेऊन लिहायला बसायची. चारही पुस्तकं त्या एकाच गावाची. कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारायचंच, "बाई, इतकी वर्षं डोंबिवलीत काढलीत, आता शहरावर काहीतरी लिहा की."

ती म्हणायची, "डोंबिवली मला झोपायला लागते. लिहायला गाव लागतं."

पुस्तक लिहून झालं की ते आधी छापणाऱ्याकडे जायचं नाही, आधी माहेरच्या अंगणातल्या ओट्यावर जायचं. ही तिची रीत. त्यासाठी ती घरी वाल भिजत घालायची, मग फडक्यात बांधून मोड आणायची. मोडाच्या वालाचा तो उग्र वास घरभर झाला की मी ओळखायचो, वाचन आहे. वालाचा डबा तिच्याकडे, कागदांची पिशवी माझ्याकडे, असे आम्ही बसने निघायचो.

ओट्यावर वहिनी, म्हणजे बायकोच्या भावाची बायको, परातीत कोमट पाणी घेऊन बसलेली असायची. भाऊ कधीच वारला. घर वहिनीनेच चालवलं. शेजारच्या चार बायका यायच्या. वाल परातीत पडायचे, सगळ्या सोलायला बसायच्या आणि ही वाचायला लागायची. मी पायरीवर बसून कुत्र्याला हाकलायचो.

वाल सोलताना बाई खरं बोलते, असं बायकोचं म्हणणं. हात गुंतलेले, नजर परातीत, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. आणि बोलायच्या पण कशा!

"काय गो, सासूला येवढी वाईट केलीस? तुजी आयस काय देवी व्हती?"

"ती पोर लय शहाणी दावलीस. आपल्या गावात अशी एक पन नव्हती. तू पन नव्हतीस."

"नव्हतीच! ही तर विहिरीवर कळशी इसरून यायची."

बायको हसायची, चिडायची, उलटं बोलायची. पण ज्या ओळीला कुणाचे हात परातीत थांबले, त्या ओळीला पेन्सिलीने खूण करायची. घरी येऊन काही बदलायची, काही तशीच ठेवायची. ते तिचं तिच्यापाशी. पण ज्यावर भांडण झालं नाही असं एकही प्रकरण तिने छापायला दिलं नाही. "गप्प ऐकून घेतलं म्हणजे खोटं उतरलंय," म्हणायची.

पाचव्या पुस्तकाच्या वेळी तिचा घसा गेला. कसला आजार ते सांगत बसत नाही, ज्यांच्या घरात झालाय त्यांना माहीत आहे. तिने लिहून पुरं केलं, पण आवाज फुटेना. एरवी ती रोजचं लिहिलेलं मला वाचून दाखवायची. यावेळी तेही नाही. पुस्तकात काय आहे मला काहीच ठाऊक नव्हतं.

हॉस्पिटलात एका दुपारी तिने माझ्याकडे बघून अंगठा बोटावर घासून दाखवला. नर्सला वाटलं पैसे मागतायत. मला समजलं. वाल असे सोलतात. मी म्हटलं, "बरी हो, जाऊ ओट्यावर."

ती बरी झाली नाही.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळा शिवला नाही तर माणसाची इच्छा राहिली, असं आपल्याकडे मानतात, मग घरची माणसं हात जोडून एकेक वचन देतात. मी वचन तोंडात तयार ठेवून उभा होतो. तुझं पुस्तक ओट्यावर वाचीन, मग छापीन. पण हात जोडायच्या आतच कावळा आला, चोच मारली आणि गेला.

सगळ्यांना बरं वाटलं. व्याही म्हणाले, "समाधानाने गेल्या हो. काही मागे राहिलं नाही त्यांचं."

मी म्हटलं, "कसलं समाधान? हा खाडीवरचा कावळा. रोज सकाळी पिंडच खातो. त्याला भूक लागलेली."

मुलीने माझा दंड धरला. "बाबा, लोक बघतायत."

"बघू देत."

पण माझं कुणी ऐकतंय? त्या कावळ्याच्या भरवशावर मुलीने तेरावं झाल्यावर आईचे कागद ठाण्याच्या प्रकाशकाकडे पोचवले. आईचं मागे काही राहिलं नाही ना, मग थांबायचं कशाला. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. घोडबंदर रोडला राहते, सकाळी निघते ते रात्री येते, आईचं एक काम तरी हातून व्हावं असं तिला वाटत होतं. मला कळलं तेव्हा सगळं टाइप होऊन पानं लागलेली.

मी तडक ठाण्याला गेलो. प्रकाशक मुलीच्याच वयाचा, वागायला चांगला. चहा मागवला. म्हणाला, "काका, वर्षश्राद्धाच्या आत पुस्तक हातात देतो तुमच्या."

"ओट्यावर वाचल्याशिवाय छापायचं नाही."

"कुठल्या ओट्यावर?"

मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "काका, बाई होत्या तेव्हा ठीक होतं. त्या ऐकायच्या आणि बदलायच्या. आता तुम्ही वाचलंत, समजा कुणी चूक काढली, तर बदलणार कोण? मी नाही बदलणार, तुम्ही नाही बदलणार. मग वाचायचं कशासाठी?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी म्हटलं, "कशासाठी ते मला माहीत नाही. पण वाचायचं. मोठ्या अक्षरात कागद काढून द्या."

रविवारी मुलगी घरी आली ती चिडूनच. "बाबा, तुम्हाला पेपरातली बातमी वाचायला अर्धा तास लागतो. तुम्ही कादंबरी वाचणार? मी वाचते पाहिजे तर."

"तू बातम्या दिल्यासारखी वाचतेस."

"आणि तुम्ही?"

"मी अडखळत वाचतो. त्यांना कंटाळा आला तर शिव्या तरी घालतील."

मग मी सराव सुरू केला. गॅलरीत, तिच्या जागेवर, मांडीवर तिचाच पाट घेऊन. बोट ओळीवर आणि तोंडाने मोठ्याने. जोडाक्षर आलं की गाडी अडायची. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा जिन्यात भेटून म्हणाले, "काका, कसली परीक्षा देताय का?" मी म्हटलं, "हो. नापास झालो तर तुम्हाला परत पहिल्यापासून ऐकावं लागेल." तेव्हापासून ते सकाळी फिरायला जायला लागले.

पुस्तक वाचताना ती घरात असल्यासारखं वाटायचं का, असं लोक मला विचारतात. नाही वाटायचं. पान संपलं की गॅलरी रिकामीच असायची. पण वाचत असेपर्यंत बरं असायचं, हे खरं.

मध्यावर एक पान आलं आणि माझं बोट थांबलं. कादंबरीतली मुलगी लहान आहे. तिची आई गेली आहे, माणसं तिरडी उचलतायत, सगळं घर रडतंय. आणि घरातली भावजय उठून मागच्या गोठ्यात जाते, म्हशीला पेंढा टाकायला. मुलगी दारातून तिची पाठ बघते. खाली लिहिलंय, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

मला माहीत होतं ते कोण. माझ्या सासूबाई बायको लहान, शाळेत शिकत असताना गेल्या, आणि त्या घरात भावजय एकच होती.

मुलीला दाखवलं. ती म्हणाली, "हे पान वगळा. मामीला काय वाटेल? वय काय तिचं."

"वगळायचं होतं तर आईने लिहिलंच नसतं."

"बाबा, तुम्ही हट्टी आहात."

"आहे."

पहिल्या वाचनाची तयारी मात्र मी मुलीवर सोपवली, आणि तिथेच फसलो. तिने वहिनीच्या मुलाला, माझ्या भाच्याला, फोन केला. भाचा हौशी. जाऊन बघतो तर अंगणात मांडव, ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, एका खुर्चीवर बायकोचा फोटो, त्याला हार, समोर उदबत्ती. माइकसुद्धा आणलेला. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

मी वाचलं. अडखळलो, चुकलो, एक ओळ दोनदा वाचली. कुणी हसलं नाही. शेजारची म्हातारी, जिने बायकोला जन्मभर 'कळशी इसरणारी' म्हणून हिणवलं, ती डोळ्याला पदर लावून बसली होती. गोठ्याचं पान आलं. मी वर न बघता वाचून काढलं. मग बघितलं. वहिनीने नाक पुसलं आणि म्हणाली, "छान लिवलंय. लय छान."

मी कागद मिटले.

"वहिनी, तुम्ही आजवर कधी तिला छान म्हणाला नाहीत."

"मेल्या माणसाला नावं ठेवतात काय, दाजी?"

"ती जिवंत असताना ठेवायचात ना?"

"तवा ती उलटं बोलायची. आता कोनाशी भांडू? त्या फोटोशी?"

भाच्याने चहा आणि बिस्किटं फिरवली. मी बिस्किट खाल्लं नाही. येताना गाडीत मुलगी म्हणाली, "झालं ना आता मनासारखं? सगळ्यांना आवडलं."

"आवडलं म्हणजे झालं नाही. ती शोकसभा होती."

शीळफाट्याच्या सिग्नलला गाडी अडकली. बराच वेळ अडकली. पुढे सिमेंटचा मिक्सर गरगर फिरत होता, आणि मी त्याच्याकडे बघत विचार करत होतो की चुकलं कुठे. वाचणारा बदलला म्हणून? तसं नसणार. वाचणाऱ्याला तिथे कधीच किंमत नव्हती. मग मला त्या बायकांचे हात आठवले. मांडीवर पडलेले. रिकामे.

मी मोठ्याने म्हटलं, "वाल."

"काय?"

"वाल न्यायचे राहिले."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून कडवे वाल आणले आणि भिजत घातले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मोड कसे आणतात ते मी कधी बघितलं नव्हतं, वास तेवढा घेतला होता. फडक्यात बांधून डब्यात घट्ट झाकण लावून ठेवले. उघडले तर बुळबुळीत, कुजलेले. सगळे टाकले. परत आणले, परत तेच. मग मुलीला फोन लावला. ऑफिसात होती.

"आई वाल कसे बांधायची?"

 ती हळू आवाजात म्हणाली, "पाणी पूर्ण निथळायचं, बाबा. फडकं सुती घ्यायचं. आणि झाकण लावायचं नाही, टोपलीत ठेवायचं, मधे मधे पाणी शिंपडायचं." मग म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर. सुट्टी टाकते."

तिसऱ्या खेपेला मोड आले. घरभर वास सुटला. मी दारं-खिडक्या बंद करून बसलो, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

यावेळी कुणाला कळवलं नाही. आठवड्याच्या मधल्याच वारी, दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही पोचलो. वहिनी ओट्यावर एकटीच लवंडली होती. मला बघून उठली.

"आता काय परत? त्या दिवशी वाचलात ना?"

मी डबा पुढे केला. "एवढे वाल मला एकट्याला सोलवत नाहीत. पाणी आणा."

तिने डबा उघडून वास घेतला. माझ्याकडे बघितलं. आत गेली आणि कोमट पाण्याची परात घेऊन आली. वास गेला की हाक गेली कोण जाणे, शेजारच्या दोघी आल्या, मागून म्हातारी आली. घरातल्याच साड्या, केस कसेही बांधलेले. परातीभोवती बसल्या. मुलगीही त्यांच्यात बसली. मी पायरीवर.

"मोड आखूड आलेत," म्हातारी म्हणाली.

"मी आणलेत."

"दिसतंय."

तिथेच माझा जीव जरा भांड्यात पडला. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.

दुसऱ्या पानावर एकीने माझं जोडाक्षर दुरुस्त केलं. चौथ्यावर म्हातारी म्हणाली, "हलू वाच रे, मागं कोन लागलंय तुज्या?" जत्रेचं प्रकरण आलं तेव्हा दोघींचं जुंपलं की पाळण्यातून पडली ती कोण. मी वाचत राहिलो. गोठ्याचं पान आलं. वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

वहिनीचे हात परातीत थांबले.

मी कागदावर बोट तसंच ठेवलं.

"पेंढा टाकायला गेलेले मी?" वहिनी म्हणाली. आवाज चढलेला. "पेंढा सकाळीच टाकलेला. म्हशीच्या गळ्यात पडून रडायला गेलेले. घरात सगली रडत व्हती, ही पोर दाराला चिकटलेली, मी पन तितंच पडले असते तर हिला कोनी धरली असती? रडून आले, तोंड धुतलं आनि हिला उचलली. ते नाय लिवलंन?"

म्हातारी पुटपुटली, "पाठ दिसली असंल तिला. तोंड कुठं दिसतंय दारातून?"

"मग इचारायचं व्हतं! येवढी वर्सं मनात ठेवलंन. दर वर्साला हितं बसून माज्या हातचं वालाचं बिरडं खाल्लंन आनि एकदा इचारलंन नाय?"

"तू सांगितलंस काय?"

"मी कशाला सांगू? रडनं काय सांगायची गोष्ट हाय?"

"मग तिनं तरी कुठनं लिवायचं?"

"तू तिची बाजू घेतंस? तू? जिनं तिला जल्मभर कळशीवरनं छळलंस?"

आणि मग जे सुरू झालं ते मला इथे सगळं लिहिता येणार नाही, काही शब्द छापण्यासारखे नव्हते. मुलगी दोघींच्या मधे वाल सोलत रडत होती आणि हसत होती. मी खिशातून पेन्सिल काढली आणि त्या ओळीला खूण केली.

वहिनी माझ्यावर वळली. "दाजी, बदला ते."

"नाही बदलणार. तिने जेवढं बघितलं तेवढं लिहिलं. तिचं आहे ते."

"मग मी बोलले त्याचं काय?"

प्रकाशकाने ठाण्यात विचारलेला तोच प्रश्न, वेगळ्या तोंडाने. यावेळी उत्तर माझ्याजवळ होतं.

"तुमचं पण छापायला लावतो. शेवटी, वेगळ्या पानांवर. तुम्ही म्हणालात तसंच."

ती जरा वेळ वाल सोलत राहिली. मग म्हणाली, "छापा. नाव नको माजं."

"नाही घालत."

"म्हशीचं घाला पायजे तर. ती साक्षीला व्हती."

म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला. वहिनीने तिला पाणी दिलं, आणि तांब्या खाली ठेवता ठेवता तिला परत पाळण्याची आठवण करून दिली. त्यावरून पुन्हा सुरू.

पुस्तक त्या दिवशी संपलं नाही. मग मी मोड आणायचो आणि जायचो, मोड आणायचो आणि जायचो. शेवटचं पान वाचलं तेव्हा परात भरलेली होती आणि सगळ्यांची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. शेवटावर कुणाचंच एकमत नव्हतं. कादंबरीतल्या मुलीने गावात परत यायला हवं होतं, असं दोघींचं म्हणणं. येऊन काय टॉवर बघायचे होते, असं वहिनीचं. मी कागद पिशवीत भरले, कुणाचं लक्ष नव्हतं. अंगण ओलांडून गल्लीच्या तोंडाशी आलो आणि प्रकाशकाला फोन लावला.

"काका, बोला. अहो, नीट ऐकू येत नाहीये. मागे कसला एवढा आवाज आहे?"

"भांडतायत," मी म्हटलं. "आता छापा."